नऊ पाटे, एक पाटा की कॉइल: ७९च्या कॉर्व्हेटच्या मागच्या बाजूच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

गाडी हिवाळ्यासाठी आत घेतली. इथं मिशिगनमधल्या नोव्हायला अजून बर्फ नाही, पण पहिल्या बर्फाआधीच मिठाचे ट्रक फिरायला लागतात. रस्त्यावर एकदा मीठ पडलं की एप्रिलपर्यंत ही गाडी बाहेर काढायची नाही, हा घरचा नियम. म्हणजे हातात पाच महिने.

गाडी: शेव्हरोले कॉर्व्हेट, १९७९, तिसरी पिढी, सेंट लुईसच्या कारखान्यातली. त्या वर्षी ५३,८०७ कॉर्व्हेट बनल्या. एका वर्षात इतक्या ना आधी कधी बनल्या, ना नंतर. त्यामुळे माझी गाडी दुर्मिळ वगैरे अजिबात नाही, आणि तिला पाना लावताना हात थरथरत नाहीत.

तक्रार मागच्या बाजूची आहे. मागून गाडी बसलीय, डावीकडे जरा जास्तच. काँक्रीटच्या हायवेवर दर जोडाला धप्प, धप्प. गंमत म्हणजे बारीक खडबडीवर मागची बाजू हलतच नाही, जणू स्प्रिंगच नाही. आणि मोठा खड्डा आला की एकदम सगळी खाली जाऊन आपटते. कडक आणि मऊ, दोन्ही एकाच वेळी कसं, हे कोडं उन्हाळाभर डोक्यात होतं.

खालून पाहिलं की डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, पोटाखाली, गाडीच्या रुंदीला आडवा, नऊ पाट्यांचा जुडगा दिसतो. हीच मागची स्प्रिंग. मध्ये चार बोल्टांनी डिफरन्शियलला पक्का आवळलेला, दोन्ही टोकं एकेका लांब उभ्या बोल्टनं चाकांच्या दांड्यांना टांगलेली. पुढच्या चाकांना मात्र साध्या कॉइल स्प्रिंगा. १९६३ सालापासून ही अशीच मांडणी, कॉर्व्हेटचा नावाजलेला इंजिनिअर झोरा आर्कस-डन्टॉव्ह याच्या काळातली.

दिवाळीच्या कार्यक्रमात एकानं हसत विचारलं होतं, "स्पोर्ट्स कार म्हणतोस आणि खाली बैलगाडीचे पाटे?" बैलगाडीला पाटे नसतातच, टांग्याला असतात, एवढंच तेव्हा सुचलं. पण टोमणा लागला होता. पाटे काढून टाकायचे आणि मागे कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच चढवलेली कॉइल, बसवायची असं मनात जवळपास ठरलंय. किटची पानं ब्राउझरमध्ये उघडी आहेत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काही विकत घेण्याआधी मोजायचं ठरवलं. बाकीची इंजिनिअरिंग विसरलो तरी एवढं विसरलो नाही.

मागचे दोन्ही शॉकअप खालून सोडले, म्हणजे त्यांचा दाब मापात येणार नाही. मग मडगार्डची कड जमिनीपासून किती उंच ते दोन प्रकारे घेतलं. आधी गाडी मागून जॅकनं उचलून हळूच खाली सोडली आणि माप घेतलं. मग मागच्या बंपरवर जोर देऊन खाली दाबली, हळूच हात काढला आणि पुन्हा माप घेतलं. गाडी तीच, वजन तेच. उंची दोन्ही वेळेला एकच यायला हवी.

फरक आला ३१ मिमी. सव्वा इंच! तीन वेळा केलं, तेच.

१७ नोव्हेंबर, रविवार

रात्री नऊला कराडला अण्णांना फोन. तिकडे सोमवारची सकाळ, साडेसात. अण्णांनी चाळीस वर्षं हायवेला कमान पाट्याचं दुकान चालवलं. उसाच्या ट्रॉल्या, ट्रक, वडाप जीपा. आता भट्टी बंद आहे, पण प्रश्न विचारला की आवाज बदलतो.

"किती पाटं?"

"नऊ."

"लांबीला का आडवं?"

"आडवं. एकच जुडगा, दोन्ही चाकांना मिळून."

"मग हेराल्डसारखं म्हण की."

मला हे ठाऊक नव्हतं. मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड, मूळची ट्रायम्फची. तिला मागे असाच आडवा पाटा. कराडात एका डॉक्टरांकडे होती म्हणे. "वळणावर जोरात घातली की मागची चाकं आत मुडपायची. डॉक्टर म्हणायचे पाटा बदल. पाटा बदलून काय हुतंय? ॲक्सलच तसला. मधनं सांधा, चाक वरखाली झालं की तिरकं होणारच. शिव्या मात्र पाट्यानं खाल्ल्या."

मग मी ३१ मिमीचा आकडा सांगितला. अण्णा थोडा वेळ गप्प.

"गाडी उचलून खाली सोडलीस, मग पुढं-मागं ढकललीस का?"

"नाही."

"आरं मग टायरनं जमीन धरली असणार. चाक सुटं हाय ना? खाली येताना फाकतंय. फाकायला जागा नाही मिळाली की गाडी वरच्या वर अडकून बसती."

वीस वर्षं अमेरिकेत गाड्यांच्याच धंद्यात काढली आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मागच्या प्रत्येक चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये ग्रीस. आता टायर आडवा सरकायला मोकळा. पुन्हा तीच मापं. फरक १९ मिमी. म्हणजे १२ मिमी टायरचे होते, उरलेले खरे.

मग दुसरी चाचणी. या गाडीला मागे डिकीचं झाकण नाही. सामान सीटमागे, दारातून ठेवायचं. पाणी मऊ करायच्या यंत्रात टाकतात त्या मिठाची सहा पोती सीटमागे रचली. एकेक ४० पौंडाचं, मिळून १०९ किलो. गाडी २२ मिमी खाली गेली. पोती काढली. वर आली फक्त ३ मिमी.

मिठाची सहा पोती उतरवली तरी गाडीला पत्ता नाही! उन्हाळ्याचं कोडं इथं सुटलं. पाट्यांमध्ये एवढं घर्षण आहे की छोटा धक्का आला तर पाटे एकमेकांवरून घसरतच नाहीत. सगळा जुडगा एका ठोकळ्यासारखा वागतो आणि धक्का सरळ अंगात येतो. धक्का मोठा आला की घर्षण हरतं, पाटे सुटतात आणि मऊ, थकलेली स्प्रिंग खाली जाऊन आपटते.

ठोकळा किती ताठ असतो त्याचा हिशेब सोपा आहे. पट्टी वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनानं वाढतो. नऊ सुटे पाटे एकावर एक ठेवले तर ताठपणा एका पाट्याच्या नऊपट. तेच नऊ एकजीव झाले तर नऊचा घन, ७२९ पट. म्हणजे सुट्यापेक्षा ८१ पट ताठ. प्रत्यक्षात पाटे खाली आखूड होत जातात आणि गंज म्हणजे वेल्डिंग नव्हे, त्यामुळे खरा आकडा यापेक्षा फार कमी. पण दिशा तीच.

३० नोव्हेंबर, शनिवार

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. पाटा उतरवला. नीट लिहून ठेवतो, कारण आज चूक झाली.

चौकटीखाली घोड्या लावल्या, मागची चाकं काढली. चाकं लटकत असली तरी पाट्यात ताण असतोच. म्हणून पाट्याच्या टोकाखाली जॅक द्यायचा, टोकावरचा भार जॅकवर घ्यायचा, टोकाच्या बोल्टची स्प्लिट पिन आणि नट काढायचा, मग जॅक हळूहळू खाली. जॅकची वाटी घसरू नये म्हणून तिच्या बाहेरच्या अंगाला पाट्यावर सी क्लॅम्प आवळायचा. डावीकडे हे सगळं केलं, पाच मिनिटांत टोक मोकळं.

उजवीकडे नट गंजून बसलेला. पिन तुटली, बोल्ट नटाबरोबर गोल फिरायला लागला. शेवटी ग्राइंडर. आणि ग्राइंडरला जागा हवी म्हणून सी क्लॅम्प काढला. "वाटी बरोबर बसलीय, कुठं जातेय." बोल्ट कापला गेला त्या क्षणी जॅक सरकला आणि पाट्याचं टोक सायलेन्सरच्या पाइपवर आपटलं. पाइपला अंगठा जाईल एवढा पोचा. माझा हात दुसऱ्या बाजूला होता. दहा मिनिटं स्टुलावर नुसता बसून होतो. घरात फक्त पाइपचं सांगितलं.

मधले चार बोल्ट शहाण्यासारखे सुटले.

१ डिसेंबर, रविवार

न्हाणीघरातल्या काट्यावर आधी एकटा, मग पाटा घेऊन उभा राहिलो. पाटा ४३ पौंड, साडेएकोणीस किलो.

सेंटर बोल्ट काढून नऊही पाटे जमिनीवर क्रमानं मांडले. मूळ रचनेत प्रत्येक दोन पाट्यांमध्ये प्लास्टिकची पट्टी असते, घसरणं सोपं व्हावं म्हणून. माझ्याकडे नऊ पाट्यांत मिळून तीन पट्ट्या उरल्यात, त्याही कुरतडलेल्या. जिथं पट्टी नाही तिथं वरच्या पाट्यात खालच्या पाट्याच्या टोकानं चर पाडलाय. बोट फिरवलं की नखाला अडकतो. चराच्या आत धातू चकचकीत, भोवती तपकिरी गंजाची पूड. कप्प्याकप्प्यातून चहाची पूड सांडावी तशी ती फरशीवर पडत होती. भेग मात्र एकाही पाट्यात नाही. रंग-भेदक फवारा मारून पाहिलं.

डावीकडे गाडी जास्त बसली होती त्याचं कारणही पाट्यात नव्हतं. डाव्या टोकाच्या बोल्टवरचं रबर चेपून जिलबीच्या तुकड्यासारखं झालंय.

१४ डिसेंबर, शनिवार

आठवडाभर कॉइलओव्हर किटवर अभ्यास. मनाचं मत बदलतंय, कसं ते लिहितो.

कॉइलच्या बाजूनं बोलायचं तर गोष्टी खऱ्या आहेत. कॉइलची तार दबताना पिळली जाते आणि वेटोळ्यांमध्ये घासण्यासारखं काही नसतं. ताठपणा बदलायचा तर दुसरी कॉइल चढवा, अर्ध्या तासाचं काम. उंची बदलायची तर आटे पाडलेली कॉलर फिरवा. पाट्याला हे लाड नाहीत. ताठपणा बदलायचा म्हणजे अख्खा पाटा नवा. म्हणूनच रस्त्यावरची कॉर्व्हेट पाट्यावर चालत असताना शर्यतीतल्या सी५-आर आणि सी६.आर कॉइलओव्हरवर धावल्या. दर ट्रॅकला सेटिंग बदलणाऱ्या संघानं दुसरं काय करावं?

शर्यतीत पाटा कधी जिंकलाच नाही असंही नाही. १९५९ साली जॅक ब्रॅबम ज्या कूपर गाडीवर फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला तिला मागे आडवा पाटा होता. पुढच्या वर्षीच्या नव्या कूपरला चारी बाजूंना कॉइल आल्या आणि तो पुन्हा जिंकला. एसी कोब्राही आधी पुढे-मागे आडव्या पाट्यांवर होती. १९६५च्या ४२७ कोब्रापासून कॉइल. म्हणजे वारा कुठल्या बाजूचा होता ते स्पष्ट आहे.

पण माझ्या गाडीचा प्रश्न वेगळा. "पाटा म्हणजे ट्रक" ही शिवी जिथून येते तिथं, ट्रकमध्ये, पाटा दोन कामं करतो: वजन झेलतो आणि ॲक्सलला जागेवर धरतोही. ब्रेक मारला, गिअर टाकला, वळण घेतलं की तोच पाटा पिळवटतो, एसच्या आकारात जातो. माझ्या गाडीत चाक धरायचं काम पाट्याकडे नाहीच. मागे-पुढे दांडी धरते, आडवं धरायला खाली एक सळई आणि वर चक्क चाक फिरवणारा हाफशाफ्ट. पाट्यानं फक्त वर ढकलायचं. तिथं कॉइल बसवली तरी चाकाचा मार्ग तोच राहणार, केसभरही बदलणार नाही. चाकाला दोन्ही सारखेच.

मग भाराचं बघू. गाडी १६०० किलोच्या आसपास, म्हणजे मागच्या एकेका चाकावर ४०० किलोच्या घरात. आज हा भार पाट्याच्या मध्यातून डिफरन्शियलला आणि तिथून वरच्या जाड आडव्या तुळईला जातो. कॉइलओव्हर लावला की तो सगळा शॉकअपच्या खुंट्यांवर येतो. खालचा खुंट एकाच बाजूनं धरलेला, भिंतीतल्या खुंटीसारखा बाहेर आलेला. शॉकअपचा जोर पेलायला बनवलेला, गाडी पेलायला नाही. चांगल्या किटमध्ये जाड खुंट आणि वेगळा ब्रॅकेट येतो, नाही असं नाही. पण वरच्या बाजूला माझी चौकट पंचेचाळीस वर्षांची आहे आणि आतून किती गंजलीय ते मला दिसत नाही.

ब्राउझरमधली पानं बंद केली.

४ जानेवारी २०२५, शनिवार

गॅरेजमध्ये उणे सात. हीटर लावून पाटे घासले, तारेच्या ब्रशनं, मग बारीक पॉलिश पेपरनं चर काढले. चार पाटे झाले. लेक खाली आली, बाबा काय करतोय बघायला. विचारलं, "दोन चाकांना एकच पाटा, मग एक चाक वर गेलं की दुसरं हलेल ना?"

हाच आक्षेप मोठमोठी माणसंही घेतात. तिची शाळेची लाकडी फूटपट्टी मागवली. मध्यभागी दोन ठोकळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये घट्ट आवळली. डावं टोक वर कर म्हटलं. उजवं ढिम्म. ही माझी गाडी. मध्ये पक्की आवळलेली पट्टी म्हणजे दोन वेगळ्या स्प्रिंगा, फक्त एका तुकड्यात.

मग व्हाइस सोडला आणि पट्टी दोन पेन्सिलींवर ठेवली, पेन्सिली मध्यापासून दोन्हीकडे तीन-तीन इंचांवर, वरूनही दोन पेन्सिली रबर बँडनं बांधल्या. आता दोन्ही टोकं एकदम वर उचलली तर पट्टी एका कमानीत सहज वाकते. एक टोक वर आणि एक खाली केलं तर एसचा आकार होतो आणि हाताला स्पष्ट कळतं, जास्त जोर लागतोय. पेन्सिलींमधल्या तुकड्यापुरता हिशेब केला तर तो एसमध्ये तिप्पट ताठ वागतो. म्हणजे दोन्ही चाकं एकत्र खड्ड्यात गेली तर स्प्रिंग मऊ, गाडी वळणावर कलली तर तीच स्प्रिंग कडक. कलणं रोखायला जो वेगळा दांडा लावतात त्याचं थोडं काम फुकटात. १९८४च्या चौथ्या पिढीत पुढचा पाटा असा दोन जागी धरला, १९९७च्या पाचव्या पिढीपासून मागचाही.

ट्रायम्फवाल्यांना नेमकं उलटं हवं होतं. त्यांच्या स्पिटफायर या स्पोर्ट्स कारला हेराल्डचाच झुलता ॲक्सल. वळणावर मागची बाजू जितकी ताठ तितकी चाकं मुडपायची भीती. १९७०च्या मार्क फोरमध्ये त्यांनी जुडग्यातला एकच पाटा मध्यावर पक्का ठेवला, बाकीचे झुलते सोडले. वजन झेलायला सगळे पाटे, कलताना विरोध करायला एकटा. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "हे त्या डॉक्टरला आधी कुणी सांगाय पायजे होतं."

लेकीनं फूटपट्टी परत मागितली. व्हाइसचे दात उठलेत तिच्यावर. नवी आणायची.

१८ जानेवारी

उणे सोळा. काही केलं नाही. तिळगूळ संपले.

१ फेब्रुवारी, शनिवार

नऊ पाटे घासून, रंगवून, नव्या प्लास्टिक पट्ट्या घालून परत जोडले. टोकांना नवे बोल्ट, नवी रबरं. पट्ट्या, रबरं सगळं मिळून खर्च चौघांच्या एका बाहेरच्या जेवणाएवढा.

क्लॅम्प लावला. दोन्ही बाजूंना. प्रत्येक वेळी.

ग्रीसचे पत्रे, शॉकअप सुटे, तीच चाचणी. उचलून सोडली आणि दाबून सोडली यातला फरक ८ मिमी. १९ वरून ८! डावी-उजवी उंची दोन मिमीच्या आत. मिठाची सहा पोती चढवली-उतरवली: २४ खाली, १६ वर.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. ज्या दुखण्यासाठी मी कॉइलओव्हरचं किट मागवणार होतो ते निम्म्याहून जास्त गंजाचं आणि चेपलेल्या रबराचं होतं. किट लावलं असतं, गाडी सुधारली असती आणि "बघा, कॉइल ती कॉइल" असं मी जन्मभर सांगत फिरलो असतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पण थांबलो नाही. फायबरचा एकच पाटा मागवला होता, तो आला.

खोकं कुरिअरवाल्यानं एका हातात धरलं होतं तेव्हाच मजा वाटली. वजन १० पौंड, साडेचार किलो. १९८१ साली कॉर्व्हेटच्या याच चौकटीत कारखान्यानं फायबरचा एकच पाटा बसवला. तो आठच पौंडाचा. गाडीचं अंग तर १९५३पासून फायबरचंच.

रात्री फोनवर अण्णा चक्रावले. "नवाचं काम एकानं भागतंय व्हय? मग आमी काय येडं हुतो?"

वेडे नव्हते. स्टीलचा एकच जाड पाटा का करत नाहीत? पाटा वाकला की बाहेरच्या कडेवरचा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. तेवढंच वाकवायचं आणि पाटा दुप्पट जाड, तर ताणही दुप्पट. म्हणून जाड स्टील चिरून पातळ पाने करायची, एकमेकांवर घसरू द्यायची. नऊ पाटे ही स्टीलची मजबुरी. काचेच्या धाग्यांचा पाटा धाग्याच्या दिशेनं ताणला तर स्टीलच्या साधारण पाचवा हिस्सा ताठ. तितकाच वाकवला तर कडेवर ताण पाचवा हिस्सा. त्यामुळे तो जाड, एकसंध ठेवता येतो, आणि वजन स्टीलच्या चौथाईच्या आसपास. घसरायला दुसरं पान नाही, तर घासणार काय?

"तापवून कमान देता येती का?"

"नाही अण्णा. तापवला की संपला."

"मग दुरुस्ती काय?"

"दुरुस्ती नाही. फेकायचा."

"हूं," म्हणाले. ते हूं मला पुरेसं कळलं.

फायबरच्या पाट्याचे सोवळे बरेच: धारदार कडेवर टेकवायचा नाही, सी क्लॅम्प सरळ अंगावर आवळायचा नाही, ओरखडा पडू द्यायचा नाही, सायलेन्सरच्या पाइपपासून अंतर ठेवायचं. माझा पोचा पडलेला पाइप इथं उपयोगी पडला, तेवढंच अंतर वाढलं.

१ मार्च, शनिवार

बसवला. गाडी जमिनीवर आणली. मागची बाजू ४२ मिमी वर! सिनेमातल्या हाणामारीच्या गाडीसारखी नाक खाली, पार्श्वभाग आभाळात. टोकाचे बोल्ट आखूड पडले. पाट्याचं टोक आणि चाकाची दांडी यांच्यात बोल्ट जितका लांब तितकी गाडी खाली बसते. कॉइलओव्हरवाले कॉलर फिरवतात, आम्ही बोल्ट बदलतो. दोन इंच जास्त लांबीचे मागवले. विक्रेत्यानं एकच पाठवला. जोडी असते हे त्याच्या पाकिटावरही छापलं होतं.

१५ मार्च, शनिवार

दुसरा बोल्ट आला. उंची बरोबर, मूळ मापाच्या ५ मिमी खाली. चाचणी: फरक ४ मिमी. सहा पोती: २३ खाली, १९ वर.

उरलेले चार मिमी दांड्यांच्या रबरांचे, सांध्यांचे. पाट्याचं आता काही देणं नाही.

एक गैरसमज मात्र मिटवून ठेवतो. "चाकाखालचं वजन पंधरा किलोनं कमी झालं" असं जाहिरातीत लिहितात. पाट्याचा मध्य गाडीला आवळलेला आहे, तो चाकाबरोबर वरखाली होतच नाही. टोकांचाच भाग हलतो. चाकांच्या वाट्याला पंधरातले थोडेच येतात. गाडी पंधरा किलोनं हलकी झाली हे खरं, आणि तेही अगदी खालच्या पातळीवरून, जिथं वजन असलेलं खरं तर बरं.

१२ एप्रिल, शनिवार

दोन मोठे पाऊस पडून गेले, मीठ धुतलं गेलं. गाडी बाहेर.

तोच हायवे, तेच काँक्रीटचे जोड. धप्प गेला, आता टक-टक. पहिली दोन मैलं बारीक खडबडीवर मागची बाजू हलताना जाणवली तेव्हा वाटलं काहीतरी सैल राहिलं. बाजूला थांबून खाली वाकून पाहिलं. काही सैल नव्हतं. स्प्रिंग काम करते तेव्हा असं वाटतं, विसरलो होतो.

एक नवीन गोष्ट कळली. आधी पाट्यांचं घर्षण शॉकअपचं अर्धं काम करत होतं. आता ते नाही, तर जुने शॉकअप उघडे पडले. उंचवट्यावरून उतरल्यावर गाडी एक झोका जास्त घेते. नवे शॉकअप यादीत.

येताना सिग्नलला शेजारी नवी कॉर्व्हेट, आठवी पिढी. इंजिन मागे आणि चारी कोपऱ्यांना कॉइल. १९६३पासून २०१९पर्यंत चाललेला आडवा पाटा २०२०ला या गाडीतून गेला. पाटा मात्र मेला नाही. शेजाऱ्यांच्या व्होल्वो एक्ससी९०ला, २०१५ नंतरच्या, मागे आडवा फायबरचा पाटाच आहे. त्यांना सांगितलं तर त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि काळजीत पडले.

२६ एप्रिल, शनिवार

अलाइनमेंट करून आणली. मागच्या चाकांचा झोल, म्हणजे आत-बाहेरचा कल, खालच्या सळयांच्या बोल्टनं बरोबर बसला. उजव्या हाफशाफ्टच्या क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात, किंचित हालचाल आहे. हाफशाफ्टच वरची दांडी असल्यामुळे तिथली ढिलाई थेट चाकाच्या कलण्यात येते. पुढच्या हिवाळ्यात दोन्ही क्रॉस, दांड्यांची रबरं आणि जमलं तर चौकट आतून बघायची.

स्टीलचे नऊ पाटे तेल लावून फळीखाली ठेवलेत. फेकू नको असं अण्णांनी तीनदा सांगितलं. चांगल्या पाट्याचा कोयता होतो, भंगार नव्हे. सगळ्यात आखूड पाटा वेगळा काढून तोलला, किलोला थोडा कमी. दिवाळीत जाताना चेक-इन बॅगेत घालणार आहे.